भिंत जाड आहे, पण पित्ताशयाला सूज आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६१ वर्षांची, मधुमेह आहे. परवा रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं ते थांबलंच नाही, काल तापही आला. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘जीबी वॉल ५.२ मिमी, मल्टिपल कॅल्क्युलाय, मिनिमल पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड’ असं आलंय, म्हणजे पित्ताशयाची भिंत ५.२ मिमी जाड, आत बरेच खडे आणि भोवती थोडं पाणी. सर्जन सीटी स्कॅन करा म्हणतात. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात सीटी कशाला, एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) करा. आणि घरातले म्हणतात, गेल्या वर्षी धाकट्या भावाला डेंग्यू झाला तेव्हाही ‘पित्ताशयाची भिंत जाड’ असाच रिपोर्ट होता, कुणी काही केलं नाही आणि तो आठवड्यात बरा झाला. मग सोनोग्राफीवर किती भरवसा ठेवायचा?

उत्तर लांबणार आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. दोन दिवस न थांबलेलं दुखणं, ताप, मधुमेह आणि पित्ताशयात खडे, हे चार एकत्र असताना आईंना घरी ठेवू नका. दवाखान्यात दाखल करा, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू होऊ द्या, मग बाकीचं सावकाश वाचा.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पंचवीसेक वर्षं याच कामात गेली. या काळात सगळ्यात जास्त गैरसमज मी पाहिला तो ‘वॉल थिकनेस’ या दोन शब्दांबद्दल. रिपोर्टात आकडा छापलेला असतो, त्यामुळे तो पुराव्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पित्ताशयाच्या सुजेचं निदान एकट्या भिंतीवरून करायचं नसतं.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, लांबट वांग्याच्या आकाराची पिशवी. तीस ते पन्नास मिली पित्त मावेल एवढी. जेवणात तेलतूप आलं की ती आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात सोडते. खडे असलेल्या माणसाचं दुखणं बहुतेक वेळा इथेच सुरू होतं. पिशवी आवळते, एखादा खडा पिशवीच्या मानेशी, म्हणजे अरुंद तोंडाशी येऊन बसतो, पित्ताला वाट मिळत नाही, कळ येते. खडा मागे घसरला की कळ थांबते. चारपाच तासांत सगळं शांत होतं आणि माणूस म्हणतो, ‘ॲसिडिटी होती’. ही झाली कळ, सूज नव्हे. खडा मागे सरकलाच नाही तर मात्र पिशवी फुगत जाते, भिंतीतला रक्तपुरवठा दबतो, भिंतीला पाणी सुटतं आणि मागाहून जंतू शिरतात. आम्ही ज्याला ॲक्यूट कोलेसिस्टायटिस म्हणतो ते हे. आईंचं दुखणं परवापासून चालू आहे, म्हणजे हे कळेचं प्रकरण राहिलेलं नाही.

आता सोनोग्राफीच्या खोलीत काय होतं ते बघा. उपाशीपोटी या असं आम्ही सांगतो, सहा ते आठ तास. कारण साधं आहे. जेवून आलेल्या माणसाची पिशवी रिकामी होऊन चुरगळलेली असते, आणि आवळलेल्या पिशवीची भिंत निरोगी असली तरी जाड दिसते. चहाबिस्किट घेऊन आलेल्या पेशंटला ‘भिंत जाड’ असा रिपोर्ट मिळाल्याची उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत. या उपाशी राहण्याची एक जुनी गोष्ट सांगतात. १९२४ साली अमेरिकेत सेंट लुइसला ग्रॅहॅम आणि कोल या दोन सर्जननी औषध टोचून एक्सरेवर पित्ताशय उठवून दाखवलं. त्याआधी कुत्र्यांवरचे प्रयोग एकामागून एक फसत होते, एकाच कुत्र्याचं पित्ताशय स्पष्ट आलं. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या सकाळी नेमकं त्यालाच खायला घालायचं राहून गेलं होतं! शंभर वर्षं झाली, तो एक्सरे कधीच इतिहासजमा झाला, उपास तेवढा टिकलाय.

तर पेशंट पाठीवर झोपलेला, पोटावर थंड जेल. ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा.’ श्वास आत घेतला की यकृत खाली येतं आणि त्याच्याबरोबर पित्ताशय बरगडीच्या सावलीतून बाहेर पडतं. पडद्यावर पित्त काळंभोर दिसतं. त्यात खडा असला तर पांढरी चंद्रकोर, आणि तिच्या मागे सरळ खाली पडलेली काळी सावली, कारण ध्वनिलहरी खड्याच्या पलीकडे जातच नाहीत. मग मी पेशंटला डाव्या कुशीवर वळवतो. गोटीसारखा घरंगळला तर खडा सुटा आहे. सगळे घरंगळले आणि एक मानेपाशी रुतून बसलाय, हलतच नाही, तर मी तिथे थांबतो. माझ्या दृष्टीने भिंतीच्या मिलिमीटरपेक्षा हा न हलणारा खडा जास्त बोलका आहे. तुमच्या रिपोर्टात ‘मल्टिपल कॅल्क्युलाय’ एवढंच आहे. कुठे आहेत, हलतात का, हे नाही. ते विचारायला हवं.

त्यानंतर भिंत. यकृताकडची, म्हणजे प्रोबच्या (पोटावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याच्या) बाजूची भिंत मोजतात, कारण पलीकडच्या भिंतीमागे आतड्यातला वायू असतो आणि कडा नीट लागत नाही. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पिशवीची रुंदी चार सेंटिमीटरच्या पुढे गेली तर ती ताणलेली समजायची. भोवती पाण्याची बारीक रेघ दिसते का तेही पाहायचं.

आणि शेवटी मर्फी. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांनी १९०३ साली ही खूण लिहून ठेवली. उजव्या बरगडीखाली बोटं रोवायची आणि पेशंटला श्वास घ्यायला सांगायचं. सुजलेलं पित्ताशय खाली येऊन बोटांवर आदळलं की पेशंटचा श्वास मध्येच तुटतो. आमच्याकडे बोटांच्या जागी प्रोब असतो, आणि फायदा असा की आपण नेमके कशावर दाबतोय ते पडद्यावर दिसत असतं. मी आधी बेंबीपाशी दाबतो, मग डावीकडे, मग मुद्दाम यकृताच्या मध्यावर, आणि मग पित्ताशयाच्या बरोबर वर. प्रत्येक वेळी विचारतो, ‘इथे जास्त, की मघाशी होतं तिथे?’ सगळ्या पोटात दुखतंय म्हणणारी बाई नेमक्या त्या जागी माझा हात धरते तेव्हा निदान जवळजवळ झालेलं असतं. खडे आहेत आणि दाबल्यावर पित्ताशयच दुखतंय, ही जोडी जमली की दहांतल्या नऊ वेळा सूज खरी निघते. १९८५ साली राल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं होतं. त्यांचा आकडा ९२ टक्के होता, आणि माझा अनुभव त्यापेक्षा फार वेगळा नाही.

रोज दहा लोक मला व्हॉट्सॲपवर फिल्मचे फोटो पाठवतात आणि ‘सूज आहे का सांगा’ म्हणतात. फिल्मवर मर्फी दिसत नाही हो! ज्याने पोटावर हात ठेवला त्यालाच ते कळतं. म्हणूनच रिपोर्टात त्याची ओळ हवी. ‘प्रोब टेंडरनेस प्रेझेंट’ (दाबल्यावर दुखतं) किंवा ‘ॲबसेंट’ (दुखत नाही), काहीतरी. तुमच्या रिपोर्टात ती ओळ नसेल तर ज्यांनी सोनोग्राफी केली त्यांना फोन करून विचारा, त्यांना आठवत असेल. सोनोग्राफीच्या आधी आईंना दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं का हेही सांगा. कॅज्युअल्टीत आधी इंजेक्शन मिळतं आणि मग पेशंट माझ्याकडे येतो, हा नेहमीचा क्रम आहे. मी त्याविरुद्ध नाही, दुखणाऱ्याला तसंच ठेवणं बरोबर नाही. पण कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं ते कागदावर लिहिलेलं असावं, कारण त्यानंतर ‘दुखत नाही’ या उत्तराचं वजन कमी होतं.

आता तुमच्या भावाच्या डेंग्यूकडे येतो, कारण घरातल्यांनी घेतलेली शंका चुकीची नाही.

पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टपासून पुढे दोनतीन महिने, महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये जाड भिंतींची रांग लागते. डेंग्यूमध्ये केशवाहिन्यांतून प्लाझ्मा गळतो. तो जसा पोटात आणि छातीत साचतो तसा पित्ताशयाच्या भिंतीतही भरतो. भिंत आठ-दहा मिलिमीटरची होते, आत कांद्यासारखे पदर दिसतात. दिसायला भयंकर. एका सप्टेंबरात बावीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. दुसऱ्या गावच्या रिपोर्टात ‘ॲक्यूट ॲकॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे खडे नसताना आलेली सूज, आणि घरचे ऑपरेशनच्या तयारीनेच आले होते. भिंत खरोखर नऊ मिलिमीटर होती. पण खडा एकही नाही, पिशवी ताणलेली नाही, उलट अर्धी मिटलेली. मी दाबलं तर म्हणाला, ‘दुखतं, पण सगळीकडेच.’ प्रोब वर सरकवला तर उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी. प्लेटलेट ३८ हजार. डेंग्यूची एनएस१ तपासणी पॉझिटिव्ह आली. त्या प्लेटलेटवर कुणी पोट उघडलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. चार दिवसांनी भिंत चार मिलिमीटर, पुढच्या आठवड्यात अगदी नॉर्मल. डेंग्यूत खरी सूज कधीच येत नाही असं नाही, पण ती अपवादाने.

कावीळ, सिरोसिस आणि पोटातलं पाणी, हृदय कमजोर असणं, मूत्रपिंड निकामी होणं, रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असणं, या सगळ्यांत भिंत जाड होते आणि पित्ताशयाचा स्वतःचा काही दोष नसतो. भिंत म्हणजे घराची ओल धरलेली भिंत समजा. ओल वरच्या मजल्यावरून आली की आतली मोरी फुटली, हे भिंत सांगत नाही.

मग सूज ठरवायची कशी? जगभर टोकियोचे निकष वापरतात, २००७ पासून ते अधूनमधून सुधारले जातात, २०१८ सालीही सुधारले. चुलीला जसे तीन दगड लागतात तसे त्यात तीन भाग. पहिला, पोटावर सापडणारी खूण: मर्फी किंवा उजव्या बाजूचं दुखणं. दुसरा, अंगभर सुजेची खूण: ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, वाढलेलं सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी). तिसरा, चित्र. पहिले दोन असले तर संशय, तिन्ही असले तर निदान. भावाच्या बाबतीत चित्र होतं आणि ताप होता, पण तो ताप डेंग्यूचा, आणि पित्ताशयाची अशी स्वतःची कुठलीच खूण नव्हती. आईंच्या बाबतीत दुखणं आहे, ताप आहे, खडे आहेत, भिंत ५.२ आहे, भोवती पाणी आहे. दोन रिपोर्टांतली एक ओळ सारखी आली म्हणून दोन माणसांचं दुखणं एक होत नाही.

मग सर्जन सीटी का मागतायत? सोनोग्राफीवर अविश्वास म्हणून नव्हे, बिल वाढवायला म्हणूनही नव्हे. खडे शोधण्यात सीटी सोनोग्राफीपेक्षा कच्चीच आहे. कोलेस्टेरॉलच्या खड्यांची घनता पित्ताइतकीच असते, त्यामुळे बरेच खडे सीटीत पित्तात विरघळल्यासारखे दिसतच नाहीत. ‘सीटीत खडे नाहीत’ असं वाचून सोनोग्राफी खोटी ठरवणारे लोक भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सीटी लागते ती गुंतागुंत बघायला. आणि मधुमेह हे त्याचं कारण आहे.

इथे माझी एक चूक सांगतो. काम सुरू करून तीन वर्षं झाली होती. सत्तरीचे आजोबा, मधुमेह जुना. तीन दिवस दुखत होतं, त्या दिवशी मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणत होते. मी दाबलं, दुखलं नाही. पित्ताशयाच्या जागी एक पांढरी, चमकदार, वाकडी रेघ आणि तिच्यामागे धुरकट सावली. मला वाटलं ड्युओडेनममधला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला वायू आडवा येतोय. ‘जीबी नॉट वेल व्हिज्युअलाइज्ड ड्यू टू बॉवेल गॅस’ (आतड्यातल्या वायूमुळे पित्ताशय नीट दिसलं नाही) असं लिहून मी पुढचा पेशंट घेतला. त्यांच्या सर्जनना चेहरा बरा वाटला नाही, त्यांनी संध्याकाळी सीटी केली. तो वायू आतड्यातला नव्हता, पित्ताशयाच्या भिंतीतच होता. एम्फिसिमॅटस कोलेसिस्टायटिस, वायू तयार करणाऱ्या जंतूंची सूज, जी मधुमेही पुरुषांत जास्त दिसते. दुखणं थांबलं होतं कारण भिंत सडली होती, आणि सडलेल्या भिंतीतल्या नसाही मेल्या होत्या. रात्रीच ऑपरेशन झालं. आजोबा तीन आठवडे राहिले आणि चालत घरी गेले, ते त्या सर्जनमुळे. तेव्हापासून मधुमेही पेशंट ‘आता दुखत नाही’ म्हणाला की मला हायसं वाटत नाही, आणि ‘बॉवेल गॅस’ लिहिण्याआधी मी पेशंटला दोनदा कूस बदलायला लावतो. आतड्यातला वायू हलतो. भिंतीतला हलत नाही.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध) देऊन केलेल्या सीटीत भिंतीचा रक्तपुरवठा कळतो. भिंत औषधाने उजळली तर ती जिवंत आहे. मध्येच तुकडा काळा राहिला तर गँगरीनची शंका. भिंतीला भोक पडून यकृतालगत पू साठलाय का, वायू आहे का, बाजूच्या यकृताचा पट्टा लालबुंद झाल्यासारखा उजळतोय का, हे सगळं एका दमात दिसतं. शिवाय भिंत एकाच बाजूला वेडीवाकडी जाड असेल तर कर्करोगाकडेही बघावं लागतं, आणि आईंच्या वयात ते बघून घेतलेलं बरं. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासतीलच, मधुमेहात ते हवंच. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असतील तर तेही सांगा.

एमआरसीपीचं काम वेगळं आहे. ती पित्तनलिकेचा नकाशा काढते, तोही इंजेक्शन आणि किरणोत्सर्गाशिवाय. पित्ताशयातला एखादा बारका खडा सुटून मुख्य नलिकेत उतरलाय का, हा तिचा प्रश्न. डोळे पिवळे दिसत असतील, लघवी गडद होत असेल, रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) वाढलेलं असेल किंवा सोनोग्राफीत नलिका सहा-सात मिलिमीटरच्या पुढे रुंद असेल तर ती करायलाच हवी. नलिकेत खडा निघाला तर आधी एन्डोस्कोपीने तो काढतात. तेव्हा तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. लिव्हर फंक्शन टेस्टचा कागद हातात घ्या, एमआरसीपी आज हवी की नको ते त्यावरून ठरेल. गरोदर बाई असेल तर गणित बदलतं. सोनोग्राफी, आणि ती पुरली नाही तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय, सीटी शक्यतो नाही.

आणखी एक तपासणी आहे जिचं नाव आपल्याकडे क्वचित ऐकू येतं, हायडा स्कॅन. टेक्नेशियमचा किरणोत्सर्गी कण लावलेलं औषध शिरेतून देतात. यकृत ते उचलून पित्तात सोडतं. निरोगी माणसात तासाभरात पित्ताशय उजळतं. मान बंद असेल तर यकृत दिसतं, नलिका दिसते, आतडं दिसतं, आणि पित्ताशयाच्या जागी काहीच नाही, चार तासांनंतरही नाही. निव्वळ अचूकतेत हीच तपासणी सगळ्यांत वर आहे. २०१२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा तिने १०० पैकी ९६ सुजा पकडल्या, सोनोग्राफीने ८१. मग सगळ्यांना हायडाच का करत नाहीत? न्यूक्लिअर मेडिसिनची सोय मोठ्या शहरांतच आहे, वेळ लागतो, आणि ती फक्त ‘मान बंद आहे’ एवढंच सांगते. खडा, पू, भोक यातलं काही नाही. शिवाय आयसीयूत कितीतरी दिवस उपाशी असलेल्या माणसाचं पित्ताशय आधीच गच्च भरलेलं असतं, त्यात औषध शिरत नाही आणि स्कॅन उगाच पॉझिटिव्ह येतो. नेमकी तिथेच, म्हणजे आयसीयूतल्या बिनखड्याच्या सुजेत, सगळ्याच तपासण्या लंगड्या पडतात. तिथे आम्ही रोज मशीन खाटेपाशी नेऊन पिशवी फुगतेय की मिटतेय ते पाहतो, आणि पेशंट ऑपरेशन सोसणार नसेल तर सोनोग्राफीखाली यकृतातून सुई घालून पित्ताशयात नळी टाकतो. आईंना आज हायडाची गरज मला दिसत नाही.

उद्या राउंडला सर्जन येतील तेव्हा एवढं विचारा: मानेत खडा अडकलाय का, दाबल्यावर पित्ताशयावरच दुखलं का, मुख्य नलिका किती मिलिमीटर आहे, बिलिरुबिन किती आहे. सीटीत भिंत सगळीकडे उजळलेली असेल आणि आईंची साखर आटोक्यात असेल तर ते बहुधा याच मुक्कामात दुर्बिणीतून पित्ताशय काढू म्हणतील. ‘सहा आठवडे थांबून करू’ ही जुनी पद्धत आता मागे पडली आहे, पहिल्या काही दिवसांत केलेलं बरं. जुन्या फिल्म, साखरेचे कागद, चालू गोळ्या, सगळं एकाच पिशवीत न्या.

आणि भावाचा गेल्या वर्षीचा रिपोर्ट सापडला तर त्यात भिंतीची ओळ सोडून पुढची ओळ वाचा. ‘नो कॅल्क्युलाय’ असेल तर तो कागद फाईलला लावून विसरा. खडे लिहिलेले असतील तर सणासुदीच्या जेवणानंतर त्याला कधी उजवीकडे दुखतं का, एवढं विचारून घ्या.